एका मापाचे जाळे : कुलाब्यापासून हैदराबादपर्यंत सात दिवस

पहिला दिवस : मुंबई

भूगोल शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. त्या काळात हिंदी महासागर मी फळ्यावर निळ्या खडूने किती वेळा काढला याची गणती नाही, पण तो कोणी, केव्हा आणि कोणत्या साधनांनी मोजला असा प्रश्न वर्गात कोणी विचारला नाही आणि खरे सांगायचे तर मलाही कधी पडला नाही. निवृत्तीनंतर रत्नागिरीत वाचन वाढले, तेव्हा आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचे नाव पुन्हापुन्हा समोर येऊ लागले. १९५९ ते १९६५ या काळात १४ देशांच्या ४५हून अधिक नौकांनी हा महासागर धुंडाळला होता. शीतयुद्ध ऐन भरात असूनही त्यात सोव्हिएत 'वित्याझ' होती आणि अमेरिकेची 'अँटन ब्रून'ही होती. 'अँटन ब्रून' म्हणजे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन ज्या 'विल्यम्सबर्ग' नौकेवर सुट्टी घालवीत तीच. जिच्यावर एके काळी पत्त्यांचे डाव रंगले, तिच्यावर पुढे प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांच्या, बरण्या भरल्या गेल्या, ही बढती की पदावनती हे ज्याने त्याने ठरवावे. या मोहिमेच्या जमिनीवर उरलेल्या खुणा पाहाव्यात म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी घराबाहेर पडलो.

पहिली खूण कुलाब्याला आहे. येथील वेधशाळा १८२६ सालची. तिच्या चुंबकीय नोंदी १८४१पासूनच्या होत्या, परंतु मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडतील म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला हलवण्यात आले. मोजणाऱ्याने मोजमापाशी किती प्रामाणिक राहावे याचे याहून चांगले उदाहरण मला माझ्या कोकणात तरी ठाऊक नाही. १९६३ साली याच कुलाब्यात मोहिमेचे आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र सुरू झाले. त्याचे संचालक कॉलिन रॅमेज हवाई विद्यापीठातून आले होते, केंद्रात आयबीएम १६२० संगणक बसवण्यात आला होता, आणि नौकांकडून व किनाऱ्यावरील केंद्रांकडून येणाऱ्या नोंदींवरून संपूर्ण हिंदी महासागराचे हवामान नकाशे येथे तयार होत. अमेरिकेची संशोधन विमाने मुंबईहून उडून पावसाळी ढगांत शिरत. जुलै १९६३ मध्ये त्यांनी अरबी समुद्रावर जमिनीपासून काही किलोमीटर उंचीवर फिरणारे, खाली समुद्रसपाटीवर मात्र जेमतेम जाणवणारे एक चक्रवात टिपले. गुजरात आणि उत्तर कोकणाला झोडपणारा पाऊस कधी कधी अशा 'मधल्या मजल्यावरच्या' चक्रवातातून येतो, हे तेव्हा नीट कळले.

आत जाण्याची परवानगी मी घेतली नव्हती, त्यामुळे बाहेरूनच आवार पाहिले. तेथे उभा असताना २६ जुलै २००५ची आठवण झाली. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३. एका शहरातल्या दोन वेधशाळांमध्ये एवढे अंतर पडत असेल, तर आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या पाण्यावरच्या वाऱ्याचा अंदाज एखाद्या देशाने आपल्या किनाऱ्यावर बसून कसा बांधावा?

दुसरा दिवस : मुंबई ते गोवा

सकाळी मांडवी एक्सप्रेसने निघालो. कोकण रेल्वे नावाला कोकणची असली तरी खिडकीतून समुद्र फारसा दिसत नाही. दिसतात त्या खाड्या, बोगदे आणि पुन्हा बोगदे. दुपारी गाडी माझ्याच गावी थांबली, तेव्हा उतरून घरी जेवून यावे असे वाटले.

या प्रवासात मोहिमेची पार्श्वभूमी पुन्हा वाचून काढली. पॅसिफिक आणि अटलांटिक उत्तर-दक्षिण मोकळे आहेत. हिंदी महासागराच्या उत्तरेला मात्र आशियाची भिंत आहे, आणि उन्हाळ्यात तापणाऱ्या व हिवाळ्यात गार होणाऱ्या या भूखंडामुळे येथील वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात. त्यांच्यामागे सोमाली किनाऱ्यालगतचा प्रचंड प्रवाहसुद्धा दिशा बदलतो. वारा उलटला की समुद्र किती दिवसांत उलटतो, हे पाहण्यासाठी निसर्गाने मांडून ठेवलेला एवढा मोठा प्रयोग दुसरीकडे नाही. तरीही महासागर संशोधनाची वैज्ञानिक समिती १९५७ साली पहिल्यांदा भरली तेव्हा हाच महासागर सर्वांत कमी अभ्यासलेला होता. समितीने मोहीम आखली. १९६० साली युनेस्कोच्या छत्राखाली आंतरसरकारी समुद्रविज्ञान आयोग स्थापन झाला, आणि काही काळाने समन्वयाची जबाबदारी त्याच्याकडे आली. आखणी सुरू झाली तेव्हा मी ज्या गोव्याला निघालो होतो तो पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. मोहीम संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी १९६६ला, तिच्यातून जन्मलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय आज गोव्यात आहे.

तिसरा दिवस : दोना पावला

पणजीहून मिरामारच्या बाजूने दोना पावलाला गेले की पठारावर संस्थेचे आवार लागते. एका बाजूला मांडवीचे मुख, दुसऱ्या बाजूला जुवारीचे, आणि जुवारीपलीकडे मुरगाव बंदर. नद्या, खाडी, बंदर आणि खुला समुद्र एका नजरेत येतील अशी दुसरी जागा शोधावी लागेल. परवानगी आधी मागितली होती. भेटलेल्या संशोधकांनी "सर, तुम्ही भूगोलाचे, मग तुम्हांला सुरुवातीपासून सांगायला नको," अशी सुरुवात केली आणि तरीही सुरुवातीपासून सांगितले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मोहिमेतील भारतीय कार्यक्रमाचे संचालक एन. के. पणिक्कर होते, आणि संस्थेचे पहिले संचालकही तेच झाले. भारताच्या चार नौका मोहिमेत होत्या : नौदलाची 'किस्तना', नॉर्वेच्या मदतीतून आलेली 'वरुणा', केरळ विद्यापीठाची 'काँक' आणि मासेमारीची 'बांगडा'. 'वित्याझ', 'डिस्कव्हरी', 'मेटिओर' अशा भारदस्त नावांच्या यादीत 'बांगडा' वाचून मला जो आनंद झाला तो दुपारी ताटातला बांगडा पाहूनही झाला नाही. युद्धकाळात बांधलेल्या 'किस्तना'वर समुद्रविज्ञानाची साधने बसवून तिला मोहिमेत धाडण्यात आले. आपल्याकडे नाही त्याची वाट पाहत बसण्यापेक्षा आहे ते घेऊन पंक्तीत बसावे, हा तेव्हाचा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. त्या चार वर्षांत जी माणसे तयार झाली, त्यांच्याच बळावर ही संस्था उभी राहिली.

मोहिमेने काय मिळवले, याचे एक उत्तर येथून नैर्ऋत्येला समुद्राच्या तळाशी आहे. अरबी समुद्राखाली कार्ल्सबर्ग नावाची पर्वतरांग पसरलेली आहे. 'डाना' या डॅनिश नौकेच्या १९२८-३०च्या सफरीला बिअरवाल्या कार्ल्सबर्गच्या प्रतिष्ठानाने पैसा पुरवला होता, म्हणून हे नाव. गोव्यात बसून ते उच्चारताना ऐकणाऱ्याचा गैरसमज होतो तो वेगळा. १९६२ साली मोहिमेचा भाग म्हणून ब्रिटिश नौका 'ओवेन'ने या रांगेवरून चुंबकत्वमापक ओढत नेला. त्यावर काम करणाऱ्या ड्रमंड मॅथ्यूज यांच्या नोंदी फ्रेड व्हाइन यांनी तपासल्या आणि सप्टेंबर १९६३ मध्ये दोघांनी 'नेचर'मध्ये मांडले की रांगेच्या दोन्ही अंगांना खडकांचे चुंबकत्व सुलट्या-उलट्या पट्ट्यांत नोंदले गेलेले आहे, कारण मधल्या भेगेतून नवा तळ तयार होऊन दोन्हीकडे सरकत जातो आणि त्या त्या काळातील पृथ्वीच्या चुंबकीय दिशेची मोहोर त्यावर उमटते. खंडे सरकतात हे मी मुलांना नेहमी आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे जुळवून शिकवले. पुरावा आपल्याच समुद्रात होता हे मला त्या दिवशी दोना पावलाला बसून कळावे, याची थोडी लाजही वाटली.

दुसरे उत्तर अधिक जवळचे आणि कमी सुखाचे आहे. अरबी समुद्रात साधारण १५० मीटरपासून हजार मीटरच्या खालपर्यंत प्राणवायू जवळजवळ नसलेला पाण्याचा जाड थर आहे. पावसाळ्यातील वाऱ्यांमुळे आपल्या किनाऱ्यालगत खालचे पाणी वर चढते. पोषकद्रव्ये येतात, प्लवक वाढतात, मासळी येते, आणि तेच प्लवक मरून कुजताना प्राणवायू संपत जातो. गोव्यातल्याच कांदोळीसमोरच्या समुद्रात संस्थेचे संशोधक १९९७पासून ठरलेल्या जागी पुन्हापुन्हा जाऊन पाणी तपासत आहेत, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तेथे तळाजवळच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइडपर्यंत मजल गेलेली त्यांना आढळली आहे. हा थर एका देशाच्या हद्दीत मावत नाही. ओमानपासून केरळपर्यंतची मासळी त्याच्या वरच्या कडेवर जगते, म्हणून त्याच्या नोंदीही सर्वांच्या सारख्या पद्धतीच्या असाव्या लागतात.

चौथा दिवस : मुरगाव

सकाळी फेरीबोटीने जुवारी ओलांडली नाही, बसने वळसा घातला, आणि पोहोचेपर्यंत दुपार झाली. ४ डिसेंबर २०१५ रोजी, पहिल्या मोहिमेला पन्नास वर्षे होत असताना, गोव्यातच दुसऱ्या हिंदी महासागर मोहिमेचा आरंभ झाला आणि 'सागर निधी' नौका मॉरिशसच्या दिशेने निघाली. बंदरात मला कोळशाचे ढीग आणि क्रेन यांपलीकडे काही दिसले नाही, ते अपेक्षितच होते.

तेथे बसून मनात आलेला विचार लिहून ठेवतो. दुसरी मोहीम पहिलीपेक्षा साधनांनी श्रीमंत आहे, पण मोकळेपणाने गरीब. १९६२च्या नौका किनाऱ्यापासून काही मैलांवर गेल्या की त्यांना अडवणारे कोणी नव्हते. १९८२च्या समुद्र कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात संशोधनासाठी त्या देशाची संमती आवश्यक केली, आणि त्यासाठी सहा महिने आधी तपशील कळवावा लागतो. लहान देशांच्या दृष्टीने हे न्यायाचेच झाले, कारण शास्त्राच्या नावाखाली तेल आणि खनिजे शोधणारे पाहुणे त्यांनी पाहिले होते. आपणही त्यातले नाही असे म्हणता येत नाही : २६ जानेवारी १९८१ रोजी संस्थेच्या 'गवेषणी' नौकेने हिंदी महासागराच्या तळावरून बहुधातूंचे गोळे वर काढले, आणि आज मध्य हिंदी महासागरातील ७५,००० चौरस किलोमीटर तळाच्या शोधाचे हक्क भारताकडे आहेत. सहकार्य आणि दावा ही एकाच घरातली दोन भावंडे आहेत. एकाला बोलावले की दुसरे मागून येतेच.

रात्री मडगावहून गाडी पकडली. ती साडेतीन तास उशिरा आली.

पाचवा दिवस : कोची

दुपारी एर्नाकुलमला उतरलो आणि तासाभरात आभाळ फुटले. केरळात याला तुलावर्षम् म्हणतात. ईशान्येकडील वाऱ्यांचा, दुपारी गडगडाटासह येणारा पाऊस. याच दिवसांत, दोन मोसमांच्या सांध्यावर, विषुववृत्तावरून पूर्वेकडे पाण्याचा एक वेगवान पट्टा धावत असतो, सेकंदाला जवळपास मीटरभर वेगाने. क्लाउस विर्ट्की यांनी मोहिमेच्या नोंदींवरून हिंदी महासागराचा नकाशासंग्रह १९७१ साली प्रसिद्ध केला, आणि दोनच वर्षांनी या पट्ट्याचे वर्णन केले. त्याला आज त्यांचेच नाव आहे.

मी कोचीला आलो होतो ते जाळ्यासाठी. मोहीम ठरली तेव्हा प्रत्येक देशाकडे प्लवक गोळा करण्याचे आपापले जाळे होते. कोणाचे तोंड रुंद, कोणाचे अरुंद. कोणाचे आस, म्हणजे जाळ्याची भोके, बारीक तर कोणाचे मोठे. एकाने ओढलेले जाळे भरून आले आणि दुसऱ्याचे रिकामे, तर समुद्र वेगळा होता की जाळे वेगळे होते, हे सांगणार कोण? आमच्या किनाऱ्यावर रापण, डोल आणि पर्ससीन अशी वेगवेगळी जाळी वापरणाऱ्यांच्यात कोणाला किती मासळी मिळाली यावरून होणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. म्हणून एक जाळे ठरवण्यात आले : तोंड एक चौरस मीटरचे, आस ०.३३ मिलिमीटरचे, आणि ओढ नेहमी २०० मीटर खोलीवरून सरळ वर पृष्ठभागापर्यंत. त्याचे नावच हिंदी महासागराचे प्रमाणित जाळे. वेगवेगळ्या झेंड्यांखालच्या नौकांनी ठिकठिकाणी हेच जाळे याच रीतीने सोडले आणि ओढले.

त्या बरण्या जाण्यासाठी एक घर हवे होते. युनेस्कोच्या मदतीने १९६२ साली कोचीत हिंदी महासागर जीवविज्ञान केंद्र उघडले. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले नमुने येथे येत, तरुण भारतीय संशोधक सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची गटवार निवड करत, आणि निवडलेले जीव जगभरच्या तज्ज्ञांकडे रवाना होत. तांदूळ निवडणाऱ्या घरच्या बायकांना जी चिकाटी लागते ती येथे वर्षानुवर्षे लागली असणार. तांदळात खडा वेगळा काढायचा असतो. येथे प्रत्येक दाणा वेगळा असतो आणि प्रत्येकाला नाव असते. सर्वांत अधिक भरत ते कोपेपॉड, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव, ज्यांच्यावर लहान मासे आणि त्या माशांवर आपण जगतो. पुढे हे केंद्र समुद्रविज्ञान संस्थेच्या कोची शाखेत सामावले गेले. डॉ. सलीम अली मार्गावरच्या त्या शाखेत मी ओळींनी लावलेल्या लहान लहान काचनळ्या पाहिल्या आणि त्यांवरची चिठ्ठी वाचायला चष्मा पुसून घेतला. नौका, दिवस, अक्षांश, रेखांश, खोली. समुद्राचा मुका साठा त्या पाच नोंदींनीच बोलका झाला आहे.

या जाळ्यात उणिवा होत्या, आणि त्या तेव्हाही माहीत होत्या. चपळ जीव जाळे येताना पाहून बाजूला होतात, अगदी बारीक जीव आसांतून निसटतात, रात्री वर येणारे प्राणी दिवसा ओढलेल्या जाळ्यात कमी भरतात, आणि २०० मीटरखालचे जग तर वगळलेच गेले. कोणाही एका देशाला याहून चांगले जाळे करता आले असते. मात्र सर्वांनी मिळून वापरलेल्या सदोष जाळ्याच्या नोंदी एकमेकींशी ताडता येतात, उत्तम पण एकट्याच्या जाळ्याच्या येत नाहीत. मोहिमेतील सर्व शोधांपेक्षा मला हा करार मोठा वाटतो, आणि पहिल्या दिवसापासून मी जे शोधत होतो ते बहुधा हेच होते.

सहावा दिवस : फोर्ट कोची

सकाळी चिनी जाळी पाहिली. आता ती मासळीपेक्षा छायाचित्रेच अधिक पकडतात.

मग नॉर्वेच्या मदतीतून आलेली 'वरुणा' डोक्यात घोळत राहिली. १९५२ साली संयुक्त राष्ट्रे, नॉर्वे आणि भारत यांच्यात झालेल्या करारातून कोल्लमजवळ नीन्दकरा येथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला, आणि १९६३ साली तो कोचीला आला. यंत्राच्या होड्या, बर्फाचे कारखाने, नवी जाळी हे सारे गरीब कोळ्यांसाठी होते. मात्र कोळंबीला परदेशात भाव आला आणि ट्रॉलर, म्हणजे तळावरून जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक नौका, वाढले. त्यांचे मालक बहुधा बाहेरचे होते. किनाऱ्यावरच्या पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षे लढा दिल्यावर १९८८पासून केरळने पावसाळ्यात ट्रॉलिंगवर बंदी घातली. सहकार्याने आणलेले प्रत्येक यंत्र किनाऱ्यावर कोणाच्या हातात पडते, हे पाहण्याची व्यवस्था त्या करारात नव्हती. समुद्राच्या शाश्वततेवर आज होणाऱ्या परिषदांत नीन्दकऱ्याचे नाव निघावे असे मला वाटते.

संध्याकाळी विमानाने हैदराबाद गाठले.

सातवा दिवस : हैदराबाद

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, दख्खनच्या पठारावर, भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे. सगळे त्याला इन्कॉइस म्हणतात. १९९९ साली स्थापन झालेल्या या केंद्राकडे दुसऱ्या मोहिमेच्या समन्वयाचे कार्यालय आहे, मच्छीमारांना मासळी कोठे मिळण्याची शक्यता आहे याच्या सूचना येथून जातात, आणि ऑक्टोबर २००७पासून त्सुनामीची पूर्वसूचना देणारे केंद्रही येथेच आहे.

२६ डिसेंबर २००४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ भूकंप झाला. लाटा तमिळनाडूच्या किनाऱ्याला लागायला दोन तासांहून अधिक वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात किनाऱ्यावर कोणी कोणाला काही सांगितले नाही. १४ देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे गेली. पॅसिफिकमध्ये देशादेशांची सूचनायंत्रणा १९६५पासून होती, म्हणजे आपल्याकडची पहिली मोहीम आटोपत होती त्याच वर्षापासून. हिंदी महासागराच्या तळाचा नकाशा तयार झाला, त्याच्या किनाऱ्यांवरच्या माणसांना जोडणारा फोन मात्र चाळीस वर्षे कोणी बसवला नाही. या गोष्टीचा मला अजूनही राग येतो. आता २०११पासून भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया हे तीन देश सबंध महासागरासाठी सूचना देतात. भूकंपमापकांवरून पहिली सूचना साधारण दहा मिनिटांत निघते, मग तळावरचे दाबमापक आणि किनाऱ्यावरचे भरतीमापक खरोखर लाट उठली की नाही ते सांगतात. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ ८.६ क्षमतेचा भूकंप झाला. खडक उभे न सरकता आडवे सरकल्यामुळे मोठी लाट आली नाही, आणि दाबमापकांवरून ते वेळेत कळल्यामुळे इशारा मागे घेता आला. इशारा मागे घेता येणे हेही तितकेच महत्त्वाचे, नाहीतर पुढच्या वेळी लोक घर सोडत नाहीत. शेवटच्या गावापर्यंत काय पोहोचते हे पाहायचे तर ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या गावांकडे पाहावे. २०२० साली युनेस्कोच्या आयोगाने त्यांना त्सुनामीसाठी सज्ज गावे म्हणून मान्यता दिली, आणि त्यासाठी गावकऱ्यांनी वाटा आखल्या, सराव केले, नकाशे लावले.

केंद्रातल्या एका पडद्यावर आर्गो या आंतरराष्ट्रीय उपक्रमातील फ्लोटचे, म्हणजे समुद्रात सोडलेल्या स्वयंचलित मापकांचे, ठिपके होते. जगभरच्या समुद्रांत असे जवळपास ४,००० फ्लोट सोडलेले आहेत. फ्लोट हजार मीटर खोलीवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतो, वर येता येता तापमान आणि क्षारता मोजतो, आणि पृष्ठभागावर येऊन उपग्रहाला कळवून पुन्हा खाली जातो. आकडे दिवसाच्या आत सर्वांसाठी खुले होतात. कोचीच्या जाळ्याचेच हे पुढचे रूप : सर्वांचे एकच माप, एकच खोली, एकच रीत. सोमाली चाच्यांच्या काळात पश्चिम हिंदी महासागरात संशोधन नौका जाईनात, तेव्हा अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्या नौदलांनी हे फ्लोट सोडून दिले. तरंगत्या बोयांची 'रामा' नावाची माळही या महासागरात आहे. बोयांच्या सावलीला मासे जमतात, म्हणून मच्छीमार होड्या त्यांना बांधतात आणि साधने मोडतात. कोळ्याच्या दृष्टीने पाहिले तर तो तरी काय चुकतो?

रत्नागिरीच्या पश्चिमेला खोल समुद्रात एक ठिपका होता. मी त्याचा क्रमांक वहीत लिहून घेतला आणि तो पुन्हा कधी वर येईल याचा दिवस विचारून घेतला.

घरी परतल्यावर त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक उघडला. ठिपका थोडा उत्तरेकडे सरकला होता. वरच्या पाण्याचे तापमान २९ अंशांच्या आसपास, दोन हजार मीटरवर तीन अंशांच्या जवळ, आणि मधली रेघ सुरुवातीला सरळ, मग एकदम डावीकडे कललेली. मी ती वहीत उतरवून घेतली. पुढची दहा दिवसांनी.